फेल झालेलं काळीज

मेलेला माणूस छकड्यातून खाली उतरला आणि सगळ्यात आधी त्याने विचारलं, "कोण गेलं?"

उत्तर द्यायला कोणी जागेवर राहिलं असेल तर ना! अंगणात गोल करून छाती पिटणाऱ्या बायका किंचाळत परसात पळाल्या. तिरडीसाठी बांबू तासणाऱ्या पुरुषांनी कोयते टाकले आणि बाभळीच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. ज्याच्यासाठी हा सगळा थाट चालला होता तो जकशीभाई त्या तीनचाकी छकड्याच्या दांडीला धरून धापा टाकत होता. पाय हे एवढे सुजलेले. आपल्याच दारात अंथरलेल्या पांढऱ्या चादरीकडे तो बघत होता. ओट्यावर त्याची बायको कंकूबेन बसली होती. तिच्या थोरल्या जावेने नुकत्याच तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. ती एकटी पळाली नाही, पण पुढेही आली नाही.

मी तिथेच होते. मी शरयूबेन, खारीपिपरच्या शाळेतली मास्तरीण. मूळची बडोद्याची, दांडियाबाजारातली मराठी. पण या रणाच्या काठावर मुलांना पाढे शिकवता शिकवता माझे केस पिकले. त्यामुळे इथल्या मर्तिकालाही मी घरच्यासारखी जाते.

झालं होतं असं. इथले लोक अगरिया. पावसाळा संपला की बाडबिस्तरा घेऊन रणात जायचं, विहिरीचं खारं पाणी मशीनने उपसून मिठाच्या वाफ्यांत सोडायचं आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवायचं. जकशीभाईला यंदा रणात चालवेना. चार पावलं टाकली की दम. झोपायला आडवा झाला की गुदमरायचा, उठून बसायचा. मेव्हणा वालजी त्याला अमदाबादच्या इस्पितळात घेऊन गेला. तिथे आठवडाभर ठेवून डॉक्टरांनी निदान सांगितलं, औषधं दिली आणि घरी सोडलं. परत निघताना वालजीने गावातल्या धरमशीच्या दुकानात फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "जकशीभाईंचं हार्ट फेल झालंय! त्यांना घेऊन येतोय! घरी सांगा!" तेवढ्यात त्याचा फोन बंद पडला.

आता तुम्हीच सांगा, 'हार्ट फेल झालं' म्हटल्यावर आपण काय समजतो? गुजरातीत काय नि मराठीत काय, अर्थ एकच. अमक्याचे काका हार्ट फेल होऊन गेले. तमक्याची आत्या देवळात बसल्या बसल्या हार्ट फेल झाली. फेल म्हणजे संपला कारभार. वर 'घेऊन येतोय' म्हणजे दुसरं काय घेऊन येणार? धरमशीने दुकानाची फळी ओढली आणि गावभर बोंब ठोकली. सगळ्या गावाने डोक्याला हात लावला.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या बैठकीत एक पाहुणा होता. सबरसबापू.

सबरस म्हणजे मीठच. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे मुलं दारोदार 'सबरस, सबरस' ओरडत मीठ विकतात, शकुनाचं म्हणून लोक ते घेतात. या माणसाने तेच नाव उचललं होतं. तलावाच्या पाळीवरच्या धर्मशाळेत तो उतरला होता. भरघोस दाढी, पांढरा झगा आणि प्रसाद म्हणून चिमूटभर मीठ. पोटदुखीला मीठ, भांडणाला मीठ, म्हैस दूध देत नसेल तरी मीठच. धंदा बेताचाच चालला होता. जकशीभाई उतरला तेव्हा हा बापू सगळ्यांच्या आधी पाण्याच्या हौदामागे दडला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. पण माणूस हुशार. भूत नाही हे लक्षात येताच तो दोन्ही हात वर करून बाहेर आला.

"जय हो!" त्याने आरोळी ठोकली. "आलास, बच्चा? हाक ऐकलीस माझी? यमाच्या दारातून मी ओढून आणला याला!"

बिचाऱ्या वालजीची बोबडी वळली होती. तो म्हणाला, "अहो, पण डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल आहे, गोळ्या घेतल्या तर..."

"ऐका, ऐका! डॉक्टर स्वतःच्या तोंडाने सांगतो, फेल! फेल म्हणजे खलास! खलास झालेलं काळीज चालवतंय कोण? त्यात डिझेल कोणाचं? बापूचं!"

झालं. बाभळीमागचे पुरुष बाहेर आले. परसातल्या बायका परत आल्या. एकीने जकशीभाईच्या पायाला हात लावून बघितला आणि ओरडली, "गरम आहे गं बाई!" मग सगळ्यांचीच त्याच्या पायावर डोकं ठेवायला झुंबड उडाली. जकशीभाई गोंधळून म्हणत होता, "अरे, पाणी द्या कोणीतरी." ते कोणाला ऐकू गेलं नाही.

बापूने त्याला घरी जाऊच दिलं नाही. म्हणाला, हा जीव आता उसना आहे, तो माझ्या सावलीत राहील, सावली सोडली तर काळीज जागेवर थांबेल. आणि बायको शिवली तर? तिच्या बांगड्या फुटल्या, म्हणजे ती विधवा. विधवेचा हात लागला की गेलेला प्राण पुन्हा गेलाच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवसापासून धर्मशाळेच्या ओट्यावर जकशीभाईची खुर्ची लागली. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं यायला लागली. जत्राच म्हणा ना. भजी तळली जात होती, फुगे विकले जात होते. आलेल्या प्रत्येकाने 'जिवंत मुडद्याचं' दर्शन घ्यायचं आणि त्याच्या ताकाच्या वाडग्यात चिमूटभर सबरस टाकायचं, अशी रीत बापूने घालून दिली. ते खारट ताक जकशीभाईने प्यायचं. रणाचं लेकरू रणाचाच प्रसाद खाणार, असं बापू म्हणायचा.

बापूचं दुकान किती झोकात चाललं होतं म्हणून सांगू! "बघा, बघा," तो लोकांना दाखवायचा, "हा अंथरुणाला पाठ लावत नाही. रात्रंदिवस बसून असतो. योगी झालाय योगी! आणि हे पाय बघा. सकाळी भोपळ्यासारखे असतात. माझी भभूत पोटात गेली की दुपारपर्यंत उतरतात. पाप पाणी होऊन वाहून जातं!" खरंच, सकाळी एक पुडी भभूत, म्हणजे त्याचा अंगारा, खाल्ली की जकशीभाईला सारखं लघवीला जावं लागायचं आणि सूज थोडी उतरायची. लोक तोंडात बोटं घालायचे.

मी मात्र ते बघून आतून हलले. बसून झोपणं मला ओळखीचं होतं. माझी आई तशीच झोपायची. पाठीला तीन-तीन उशा लावून, कधी नुसती खुर्चीत. वडील गेल्यावर आम्ही दोघीच होतो. तिचा श्वास ऐकत मी शेजारी जागी राहायचे. आता तीही नाही. शाळा सुटली, मुलं गेली की माझ्या खोलीत बोलायला कोणी नसतं, आणि त्या शांततेत अजूनही मला तो श्वास ऐकू येतो. जकशीभाईचा श्वास अगदी तसाच होता.

मी सरपंचांकडे गेले. म्हटलं, हा माणूस आजारी आहे, याला इस्पितळात न्यायला हवं. सरपंच म्हणाले, "बेन, तुम्ही शाळा बघा ना. गावाचं नाव झालंय. रस्ता होईल बहुतेक." वालजीकडे गेले, तर तो म्हणाला, "मी आणला जिवंत आणि श्रेय नेलं बापूने, हे मला कळतं हो. पण ओट्यावरून हलवला आणि खरंच काही झालं तर बहीण मला आयुष्यभर माफ करेल का?"

मग एका दुपारी बापू जेवून घोरत पडला होता, गर्दीही पांगली होती, तेव्हा मी ओट्यावर जाऊन जकशीभाईच्या शेजारी बसले. त्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "बेन, मी मेलोय का?"

"मेलेल्याला एवढी धाप लागते होय?"

तो हसला, पण हसताना त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, फेल. बापू म्हणतो, मेलास. लोक पाया पडतात. पण बोलत कोणी नाही, बेन. मेलेल्याशी काय बोलणार? परवा धाकटीला आणली होती. मला बघून किंचाळली. माझी पोरगी!"

त्याचे डोळे भरून आले.

"रणात काय कमी एकटं असतं माणूस?" तो पुढे म्हणाला. "नजर पोचेल तिथपर्यंत दुसरं खोपटं नाही. पण तिथे कंकू असायची. रोटला थापता थापता शिव्या घालायची मला. तेवढ्यावर आठ महिने निघायचे. इथे एवढी माणसं आहेत आणि मला कोणी शिवीसुद्धा देत नाही."

त्याने बोट दाखवलं. तलावाच्या पलीकडच्या काठावर, हंडा कमरेवर घेऊन, कंकूबेन उभी होती. हंडा कधीच भरून झाला होता. ती रोज तशी येऊन उभी राहते, असं त्याने सांगितलं. अलीकडे यायची तिची छाती होत नव्हती. आपला हात लागून नवरा मरेल, या भीतीने ती बाई तळं मध्ये ठेवून त्याला बघत होती. मला इतका संताप आला की घोरणाऱ्या बापूच्या दाढीला आग लावावी असं वाटलं.

"भभूत कशी लागते?" मी विचारलं.

"कडू. कालची मी खाल्लीच नाही. सारखं उठवत नाही हो, उठलं की अंधारी येते." त्याने कनवटीची पुडी काढून मला दिली.

ती पुडी मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात ढवळून प्यायले. हे शहाणपणाचं काम नव्हतं, तुम्ही करू नका. पण मला खात्री करून घ्यायची होती. वर्गावर गेले, मुलांकडून तेराचा पाढा म्हणून घ्यायला सुरुवात केली, आणि पाढा अर्ध्यावर टाकून पळाले. परत आले, पुन्हा पळाले. तिसऱ्या वेळी मुलं फिदीफिदी हसायला लागली. मी तिथल्या तिथे फळ्याला टेकून उभी राहिले, कारण हेही मला ओळखीचं होतं. आई सकाळी एक बारीक पांढरी गोळी घ्यायची आणि म्हणायची, "आता दुपारपर्यंत मला कुठे नेऊ नका गं बाई." अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी.

शाळा सुटताच मी वालजीला गाठलं. "डॉक्टरांच्या गोळ्या कुठायत?"

"बापूंनी घेतल्या. तलावात सोडल्या म्हणे."

"सोडताना तू बघितलंस?"

वालजीने नकारार्थी मान हलवली.

"आणि कुठली गोळी कशाची, हे त्याला कोणी सांगितलं?"

"मीच. ही सूज उतरवते, या काळजाच्या, असं..." बोलता बोलता त्याचा चेहरा बदलला. "बेन! तो हरामखोर आमचंच औषध कुटून..."

"ओरडू नकोस. पूनमेला छकडा धर्मशाळेच्या दारात आणून ठेव."

पौर्णिमेला धर्मशाळेपुढच्या मांडवात माणसांचा नुसता पूर लोटला. बापू रंगात आला होता. जकशीभाई खुर्चीत कलला होता, ओठ निळसर, चेहरा घामाने डबडबलेला. सूज आता पोटरीच्या वर, मांड्यांपर्यंत चढली होती. बापूने डबीतून पुडी काढली आणि भजन थांबवून म्हणाला, "बघा! आता मुडद्यात प्राण भरतो!"

मी उठले. "बापू, एक विचारायचं होतं."

"विचारा, बेन, विचारा! मास्तरणीलासुद्धा आज पाठ शिकवू!"

"ही भभूत मेलेल्याला जिवंत करते. मग जिवंत माणसाने खाल्ली तर?"

"तर? तर तो अमर होईल!" टाळ्या पडल्या.

"मग डबीतली एक पुडी तुम्ही घ्या ना. तुम्ही अमर झालात तर गावाची सोय होईल."

लोक हसले. बापू हसला नाही. "ही मुडद्याची भभूत आहे. जिवंतांनी खायची नसते."

"अहो, आत्ताच तर अमर म्हणालात! मुडद्याला सोसते, आणि तुम्हाला सोसणार नाही? एवढे तपस्वी तुम्ही!"

"खा ना, बापू," पुढे बसलेली एक म्हातारी भाबडेपणाने म्हणाली. "तुम्ही खाल्लेली उष्टी मला द्या. माझे गुडघे..." मग सगळ्यांनीच धरलं, "खा, बापू! जय हो!" भक्तांनीच त्याला कोंडीत पकडलं. त्याने पुडी तोंडात टाकली आणि वर घटाघट पाणी प्यायला. गडी विचार करत असणार, खाऊन टाकू आणि लवकर आरती उरकू.

"आता भजन!" तो म्हणाला.

"भजनाआधी मी मुलांना शिकवते तो एक धडा सांगते," मी म्हटलं. "तुम्ही सगळे बसा. बापूही बसतील."

लोकांकडे बघत बापूने मांडी घातली. मी सुरुवात केली.

"माझ्या वर्गात दर वर्षी दोन-चार पोरं फेल होतात. त्यांच्या तिरड्या बांधल्या का कधी कुणी?"

"नाय!" मुलं ओरडली.

"फेल म्हणजे काय मग? जेवढं जमायला हवं तेवढं जमत नाही. काळजाचंही तसंच. एखाद्याचं काळीज एकदम बंद पडतं, तो माणूस जातो, ते वेगळं. जकशीभाईचं बंद पडलेलं नाही. दमलंय. निरोगी काळीजसुद्धा भरलेलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर फेकत नाही, अर्ध्याहून थोडं जास्त फेकतं. याचं त्याहून बरंच कमी फेकतं. आता तुमच्या विहिरीवरचं मशीन जुनं झालं, पाणी कमी उचलायला लागलं, तर काय होतं?"

"पुढे वाफा कोरडा राहतो," एक जण म्हणाला.

"आणि मागे?"

"मागे विहिरीत पाणी चढतं. तुंबतं."

"बस्स. हेच झालंय. पुढे रक्त कमी जातं म्हणून चार पावलांत दम लागतो, थकवा येतो. मागे तुंबतं ते पाणी पायात उतरतं आणि छातीत फुप्फुसांत भरतं. आडवं झालं की पायातलं पाणीसुद्धा छातीकडे येतं आणि माणूस गुदमरतो. म्हणून हा बसून झोपतो. योगी कसला? बिचाऱ्याला श्वास घेता येत नाही!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. बापूने मांडी बदलली.

"रक्त कमी पोचलं की शरीराला वाटतं, अंगातलं पाणी संपत आलंय. मग ते मीठ आणि पाणी दोन्ही धरून ठेवतं. म्हणून डॉक्टर सांगतात, मीठ कमी. आणि तुम्ही काय करताय? शे-दोनशे माणसं रोज याच्या ताकात मीठ टाकताय! जिथे मीठ, तिथे पाणी, हे अगरियांना मी सांगायचं का?"

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. बापूने पुन्हा मांडी बदलली. मग गुडघे जवळ घेतले. कपाळावर घाम आला.

"बापू, बरं आहे ना?" मी विचारलं.

"आरती! आरती करा!" तो म्हणाला.

"थांबा हो, धडा व्हायचाय. माझ्या आईचं हार्ट फेल आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतर नऊ वर्षं ती जगली. पोळ्या लाटत होती, माझ्याशी भांडत होती. कुठल्या बापूने जगवली? रोजच्या गोळ्यांनी. रोज सकाळी वजन करायची. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते पाणी आहे, लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि सूज उतरवायला तिला एक गोळी होती. ती घेतली की तासाभरात..."

बापू उठला. झगा आवळून धरलेला.

"कुठे निघालात?" म्हातारीने विचारलं. "उष्टं राहिलं माझं!"

"ध्यानाला!" बापू म्हणाला आणि तलावाच्या पाळीकडे जो धावत सुटला, तो थेट तिथल्या एका बाभळीच्या मागे. सगळा मांडव त्या बाभळीकडे बघत होता. तो परत आला, श्वास घेतला, तोंड उघडलं आणि पुन्हा धावला. मुलं खिदळायला लागली. "बापूंचं पाप वाहतंय!" एक पोरगी ओरडली आणि मग जो हशा फुटला, तो काही आवरेना.

तोवर वालजी ओट्यावर चढला होता. त्याने बापूची झोळी उलटी केली. गोळ्यांची पाकिटं खाली पडली. सूज उतरवणारी सगळी फोडून संपलेली, वर कुठून तरी नवी आणलेली. काळजाच्या गोळ्यांना मात्र हातही लावलेला नव्हता. "हे आमचं पाकीट!" वालजी रडकुंडीला येऊन ओरडत होता. "तलावात सोडलं म्हणाला होता! काळजाच्या गोळ्या तशाच आहेत रे! एकही दिली नाही याने!"

मग काय विचारता! तिसऱ्यांदा बाभळीमागून निघालेल्या बापूची जी गाळण उडाली, ती बघण्यासारखी होती. झगा वर धरून तो शेतातून पळत सुटला आणि सगळी जत्रा त्याच्या मागे. म्हाताऱ्या, पोरं, फुगेवाला, भजीवाला. सरपंचही. शिव्या देत, हसत, ढेकळं मारत.

मी विजयी मुद्रेने वळले.

मांडव रिकामा होता. चपला इकडे तिकडे पडल्या होत्या. ओट्यावर जकशीभाई खुर्चीत तसाच कललेला होता, तोंड उघडं टाकून श्वास ओढत. इतके दिवस त्याच्या पाया पडणाऱ्यांपैकी एकालाही त्याच्याकडे बघावंसं वाटलं नाही. चमत्कार संपला तसं त्यांचं त्याच्याशी कामही संपलं होतं. लुच्चेगिरी उघडी पडली, टाळ्या मला मिळाल्या, पण त्याच्या छातीतलं पाणी होतं तिथेच होतं. मला माझीच लाज वाटली.

"बेन," तो म्हणाला, "सगळे गेले?"

"मी आहे. वालजी आहे. चल, इस्पितळात जाऊ."

"खाली उतरलो की..."

इतके दिवस त्याच्या मनात ठोकून बसवलेलं एका हशाने थोडंच निघणार होतं? त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. वालजीने ओढून बघितलं, तो हलेना. तेवढ्यात मला पायऱ्यांशी कंकूबेन दिसली. तळ्याला वळसा घालून ती आली होती, पण शेवटच्या पायरीवर अडली होती. दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले होते.

"ये वर," मी म्हटलं.

"नको, बेन. माझ्या हाताने काही झालं तर?"

"बापू पळाला ना डोळ्यांसमोर?"

"बापू पळाला हो. पण माझ्या बांगड्या तर फुटल्यात."

माझ्याकडे तिच्या भीतीवर धडा नव्हता. मी एवढंच म्हणाले, "बाई गं, तो मरायला टेकलाय ते औषधावाचून. तुझ्या हातावाचूनही. तू बोलावल्याशिवाय तो या खुर्चीतून उठणार नाही."

पाठीमागचे हात तिने हळूहळू पुढे घेतले. मग वर आली. डोळे गच्च मिटले आणि तळवा त्याच्या छातीवर ठेवला. जकशीभाईनेही डोळे मिटले. दोघंही मरणाची वाट बघत होती. वालजी रडत होता.

काही झालं नाही. कंकूबेनने एक डोळा उघडला. मग दुसरा. तळवा तिने दाबून धरला, मान तिरकी केली, जुन्या मशीनचा आवाज ऐकावा तशी.

"चालू आहे," ती म्हणाली.

"बंद नाही?" त्याने विचारलं.

"चालू आहे म्हटलं ना! धडपडतंय मेलं, पण चालू आहे. ऊठ आता. आणि एवढं मीठ कशाला ढोसत बसला होतास रे, अक्कल नाही तुला?"

जकशीभाई शिवी खाऊन लहान मुलासारखा हसला आणि तिच्या खांद्यावर भार टाकून उठला.

इस्पितळात छातीतलं पाणी उतरायला दिवस गेले. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही, कारण हे दुखणं पुरतं जात नाही. पण गोळ्या घेतो, वजन करतो, बेतानं पाणी पितो, जमेल तेवढं चालतो. मीठ पिकवणाऱ्याच्या घरी त्याच्यापुरता अळणी रोटला होतो आणि तो रोज त्यावरून कुरकुरतो.

म्हणून सांगते, आणि रागानेच सांगते. डॉक्टर 'फेल' म्हणाले तर घाबरून घरी पळू नका. 'म्हणजे नक्की काय?' एवढं तिथेच विचारा, समजेपर्यंत विचारा. पायावर सूज, आडवं झालं की गुदमरणं, थोड्या कामाने दम लागणं, हे ना पाप ना योग. ते दमलेल्या काळजाचं सांगणं आहे, ते दवाखान्यात नेऊन ऐका. गोळ्या कोणाच्या शब्दावरून सोडू नका. भोंदू दिसला तर त्याला पळवून लावा, जरूर लावा. पण त्याच्या मागे सगळेच धावू नका. एकाने तरी त्या आजारी माणसाजवळ थांबा आणि त्याच्याशी बोला.